सासऱ्यांना मेसोथेलिओमा झालाय. विडी-सिगारेट नाही, तंबाखू नाही, मग हा आजार आला कुठून?

शेवंती_डोंबिवली

नमस्कार मंडळी. माझ्या सासऱ्यांना प्लुरल मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या आवरणाचा कॅन्सर, असल्याचं निदान झालंय. वय ७१. उजव्या बाजूला छातीत पाणी झालं होतं, ते काढलं, पुन्हा भरलं. आधी एका ठिकाणी टीबी धरून एकेटीच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. त्याने काही फरक पडला नाही, वजन मात्र उतरत गेलं. शेवटी दुर्बिणीतून प्लुराचा तुकडा काढून तपासला तेव्हा हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

उपचारांबद्दल आमचे डॉक्टर नीट सांगताहेत, त्यासाठी हा धागा नाही. मला कारण समजून घ्यायचंय. डॉक्टरांनी विचारलं, "ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम केलंय का?" आम्ही सगळ्यांनी एका सुरात नाही म्हटलं. बाबांची बहुतेक सगळी नोकरी पतपेढीत झाली. त्याआधी काही वर्षं परळच्या एका गिरणीत होते, पण तिथे कापड व्हायचं. माळकरी माणूस आहे, सुपारीचं खांडही कधी तोंडात टाकलं नाही.

आता घरात जो तो आपला अंदाज सांगतोय. कोणी मच्छर कॉइल म्हणतं, कोणी मोबाइल टॉवर, कोणी पतपेढीतल्या जुन्या फायलींची धूळ. बाबा स्वतः गप्प बसून असतात आणि मध्येच म्हणतात, "माझं काय चुकलं?" त्यांना खरं उत्तर देता यावं एवढीच इच्छा आहे. शिवाय हे आनुवंशिक असतं का, अशी भीती नवऱ्याच्या मनात बसलीय. जाणकारांनी कृपया लिहावं.

श्वासविकार

शेवंतीताई, मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. रिपोर्ट न बघता उपचारांवर बोलत नाही, कारणांवर सविस्तर लिहितो.

बाबांना आजच सांगा की त्यांचं काहीही चुकलेलं नाही. मेसोथेलिओमा हा सिगारेटचा कॅन्सर नाही. धूम्रपानाने त्याचा धोका वाढत असल्याचं दिसलेलं नाही. मच्छर कॉइल, टॉवर, फायली यांचाही याच्याशी संबंध नाही. या आजाराचं मुख्य कारण एकच, ॲस्बेस्टॉसचा तंतू श्वासावाटे आत जाणं. पाश्चात्य देशांतल्या पुरुष रुग्णांमध्ये साधारण ८० टक्के वेळा हे कारण हाती लागतं. स्त्रियांमध्ये ते प्रमाण कमी आहे.

फुप्फुसाभोवती पातळ दुपदरी आवरण असतं, तो प्लुरा. पोटातल्या अवयवांभोवती असंच पेरिटोनियम असतं, हृदयाभोवती पेरिकार्डियम. या आवरणांच्या पेशींचा कॅन्सर म्हणजे मेसोथेलिओमा. बहुतेक रुग्णांत तो प्लुरातच होतो.

ॲस्बेस्टॉस हे खनिज आहे आणि ते उभं चिरत जातं. जितकं कुटाल, कापाल, घासाल तितके तंतू बारीक होत जातात, डोळ्यांना दिसेनासे होतात आणि हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. श्वासातून ते फुप्फुसाच्या पार टोकाला आणि तिथून प्लुरापर्यंत पोचतात. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळायला जातात, पण लांब तंतू पेशीहूनही लांब असतो, तो अर्धवटच गिळला जातो. पेशी मरते, दाह करणारी रसायनं बाहेर सांडतात, दुसरी पेशी येते, तिचंही तेच होतं. हा दाह दशकानुदशकं धुमसत राहतो. काही तंतू पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रांच्या वाटेतही येतात. पेशीला लगाम घालणारी बॅप-१, एनएफ-२, सीडीकेएन-२-ए यांसारखी जनुकं हळूहळू निकामी होत जातात आणि मग कधीतरी गाठ धरते.

या "कधीतरी"ला सहसा २० ते ५० वर्षं लागतात. म्हणून गेल्या दहा वर्षांतलं काही आठवून उपयोग नाही. बाबा पंचविशीत काय करत होते, ते विचारा. आणि "ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात होता का" असं विचारलं तर बहुतेक रुग्ण नाहीच म्हणतात. हाताने काय काय काम केलं, आजूबाजूला कोण काय करत होतं, राहायला कुठे होता, असं एकेक वर्ष धरून विचारावं लागतं. आपल्या ओपीडीत तेवढा वेळ मिळत नाही हे मी जाणतो, आणि त्याची मला खंत आहे. भारतात या आजाराचे आकडे इतके कमी दिसतात त्यामागे हेही एक कारण आहे. छातीत पाणी दिसलं की आपल्याकडे आधी टीबी आठवतो, कारण टीबी खरोखरच जास्त आहे. तुकडा तपासण्याआधीच कित्येक माणसं जातात.

लालबागचा_जुना

ताई, तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये उत्तर असावं असं मला वाटतं. बाबा गिरणीत कुठल्या खात्यात होते?

माझी उमेद गिरणगावात गेली. गिरणी म्हटलं की लोकांना साचे, बाबीन, कापूस एवढंच आठवतं. पण प्रत्येक गिरणीला बॉयलर होता. बॉयलरमधून निघालेली वाफ रंगखात्यापर्यंत, धुलाईपर्यंत लांबच लांब पाइपांतून जायची. ती थंड पडू नये म्हणून पाइपांना जे पांढरं जाड वेष्टण असायचं, ते ॲस्बेस्टॉसचंच. गोण्यांतून पांढरी पावडर यायची, घमेल्यात पाणी घालून तिचा लगदा करायचा, हाताने पाइपावर थापायचा, वरून कापड गुंडाळायचं. याला लॅगिंग म्हणत. बॉयलरच्या दरवाज्याला, पाइपांच्या जोडावरच्या फ्लँजला ॲस्बेस्टॉसची दोरी लागायची. पाइप गळाला की जुनं वाळलेलं लॅगिंग छिन्नीने ठोकून काढायचं. त्या वेळी जी धूळ उडायची त्यात समोरचा माणूस दिसत नसे. तोंडाला रुमाल बांधला तर बांधला.

खातं विचारून कळवा. बदली, म्हणजे कायम नसलेले कामगार असतील तर जास्तच बारकाईने विचारा. बदली कामगाराला जिथे माणूस कमी तिथे पाठवत.

शेवंती_डोंबिवली

लालबागदादा, तुमची पोस्ट बाबांना वाचून दाखवली. ते उठून नीट बसले.

१९७४ पासून संपापर्यंत ते गिरणीत होते. सुरुवातीला बदली, नंतर फिटरचे हेल्पर, आणि फिटर खातं म्हणजे बॉयलर आणि वाफेचे पाइप. "पांढरी पावडर मीच कालवायचो," म्हणाले. दुपारी जेवणाची सुट्टी झाली की रिकाम्या गोण्या अंथरून त्यांवर सगळे पाठ टेकायचे. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली आणि पतपेढीत लागले. ॲस्बेस्टॉस हा शब्द त्यांनी पत्र्यांच्या संदर्भातच ऐकला होता. त्या पावडरला तिथे नुसतं "पावडर" म्हणत.

बाबांनी आणखी एक सांगितलं. कामाचे कपडे घरी आणायचे आणि सासूबाई ते दाराबाहेर झटकून धुवायच्या. आता मला त्यांचीही काळजी वाटायला लागलीय.

श्वासविकार

ताई, हे सगळं जसंच्या तसं, वर्षांसह, कागदावर लिहून तुमच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये लावा. १९७४ ते १९८२ म्हणजे पहिल्या संपर्काला ५० वर्षं होऊन गेली. वैद्यकीय हिशेबात हे अगदी बसतं.

काही वर्षांचाच संपर्क होता, मग एवढ्याने होतो का, असा प्रश्न पुढे येईल म्हणून आत्ताच लिहितो. धोका दोन गोष्टींवर ठरतो. एकूण किती तंतू आत गेले, आणि पहिला तंतू आत जाऊन किती काळ लोटला. काळाचा भाग फार जबर आहे. पहिल्या संपर्कापासून जसजशी वर्षं जातात तसा धोका सरळ रेषेत न वाढता त्या वर्षांच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या घाताने वाढत जातो. काम सोडलं म्हणून घड्याळ थांबत नाही, कारण तंतू आतच असतात. म्हणूनच लहान वयातला संपर्क जास्त वाईट. ब्रिटनच्या सरकारी तज्ज्ञ समितीने २०१३ मध्ये अंदाज मांडला होता की तेवढ्याच मात्रेचा संपर्क पाचव्या वर्षी सुरू झाला तर आयुष्यभराचा धोका तिसाव्या वर्षी सुरू झालेल्या माणसाच्या सुमारे पाचपट असतो. याखाली धोका नाही अशी सुरक्षित पातळी आजवर कोणी दाखवू शकलेलं नाही.

सासूबाईंच्या बाबतीत तुमची शंका रास्त आहे. या आजाराचा इतिहासच तिथून सुरू होतो. १९६० मध्ये वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातले ३३ रुग्ण नोंदवले. त्या भागात निळ्या ॲस्बेस्टॉसच्या (हा त्याचा एक प्रकार) खाणी होत्या. ३३ पैकी ३२ जणांचा त्या ॲस्बेस्टॉसशी संबंध आला असण्याची शक्यता दिसली, पण त्यांतले अनेक जण खाणकामगार नव्हतेच. कोणी फक्त त्या भागात लहानाचं मोठं झालं होतं, खाणीच्या ढिगाऱ्यांजवळ खेळलं होतं. मग १९६५ मध्ये लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी ७६ रुग्णांचा मागोवा घेतला. ३१ जणांनी ॲस्बेस्टॉसचं काम केलेलं होतं, आणखी ९ जण अशा कामगाराच्या घरात राहणारे होते. त्यांतल्या बायकांचा संबंध बहुतेक नवऱ्याचे कपडे धुण्यापुरता होता. ज्यांचा कामातून किंवा घरातून संबंध आला नव्हता, त्यांच्यात कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहणाऱ्यांचं प्रमाण इतर आजारांच्या रुग्णांपेक्षा कितीतरी जास्त निघालं.

पण घाबरून जाऊ नका. कपडे धुणाऱ्यांतल्या बहुसंख्य बायकांना हा आजार कधीच होत नाही. तो मुळात दुर्मिळ आहे. लक्षणं नसताना मेसोथेलिओमा आधीच पकडेल अशी सिद्ध झालेली तपासणी आज उपलब्ध नाही, त्यामुळे दर सहा महिन्यांनी सीटी काढत बसण्यात अर्थ नाही. धाप, एका बाजूला छातीत दुखणं, कारण नसताना वजन उतरणं असं काही झालं तर डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगायचं की घरात ॲस्बेस्टॉसची धूळ यायची.

गॅरेज_कोल्हापूर

डॉक्टरसाहेब, आम्ही गॅरेजवाले जन्मभर ब्रेक लायनर घासत आलो. ड्रम उघडला की कंप्रेसरची हवा मारायची, काळा धुरळा उडायचा. आमचं काय?

श्वासविकार

दादा, जुन्या लायनरमध्ये बहुधा पांढरा ॲस्बेस्टॉस असायचा. गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांवर बरेच अभ्यास झालेत आणि त्यांत मेसोथेलिओमाचा वाढीव धोका ठळकपणे दिसलेला नाही. घासून निघालेल्या धुळीत उष्णतेमुळे तंतूचं स्वरूप बरंच बदललेलं असतं. हे झालं मेकॅनिकचं. लायनर तयार करणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराची गोष्ट निराळी, तिथे कच्चा तंतू हाताळला जातो. मुंबईतल्या अशाच एका कारखान्यातले १८१ कामगार डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी तपासले होते. त्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ४१ जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला, म्हणजे जवळपास चारांतला एक. ॲस्बेस्टॉसिस हा कॅन्सर नाही, त्यात फुप्फुस चिवट होत जातं, पण छातीत तंतू किती भरलेत याची ती खूण आहे.

तुम्ही हवा मारणं बंद करा, ओल्या फडक्याने पुसा. आणि विडी ओढत असाल तर सोडा. मेसोथेलिओमात विडीचा हात नाही असं वर म्हटलं, पण फुप्फुसाच्या कॅन्सरचा हिशेब वेगळा आहे. अमेरिकेतल्या लॅगिंग कामगारांच्या १९७९ च्या अभ्यासात नुसत्या ॲस्बेस्टॉसने त्या कॅन्सरचा मृत्युधोका सुमारे ५ पट, नुसत्या सिगारेटने सुमारे १० पट आणि दोन्ही मिळून ५० पटींहून जास्त निघाला होता.

ओटावा_मराठी

मी कॅनडात असतो, इथली बाजू सांगतो. क्युबेकमध्ये एक गावच होतं, नाव ॲस्बेस्टॉस. प्रचंड मोठी उघडी खाण. इथे स्वतःच्या इमारतींतून हा माल बाहेर काढायला लागल्यावरही कितीतरी वर्षं तो भारताला विकला जात होता, आणि सांगितलं जायचं की पांढरा ॲस्बेस्टॉस सांभाळून वापरला तर निर्धोक आहे. आपल्या देशातल्या पत्र्याच्या कारखान्यांत तो कोण कसा सांभाळणार होतं? कॅनडाने २०१८ च्या अखेरीस बंदी घातली. २०२० मध्ये त्या गावाने नावही बदललं, आता ते व्हाल-दे-सूर्स आहे. ब्रिटनने १९९९ मध्ये बंदी घातली, तरी तिथे आजही वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मेसोथेलिओमाने जातात. जुनं कर्ज फिटायला इतका वेळ लागतो. भारतात अजून आयात चालू आहे, मुख्यतः रशियातून, वर्षाला काही लाख टन. याचा हिशेब कुठल्या वर्षी द्यावा लागणार, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होतं.

पांढरा निर्धोक या दाव्यात तथ्य किती, हे डॉक्टरांनी सांगावं.

श्वासविकार

अर्धं तथ्य आहे, म्हणूनच ते घातक ठरतं. ॲस्बेस्टॉसचे दोन मोठे गट. पांढरा म्हणजे क्रायसोटाइल, त्याचे तंतू कुरळे असतात आणि शरीरात तुलनेने लवकर विरतात. निळा म्हणजे क्रोसिडोलाइट आणि तपकिरी म्हणजे अमोसाइट, हे सरळ सुईसारखे आणि अनेक दशकं टिकणारे. मेसोथेलिओमापुरतं बोलायचं तर २००० साली हॉजसन आणि डार्न्टन यांनी तेव्हापर्यंतचे अभ्यास एकत्र करून पांढरा, तपकिरी, निळा यांच्या धोक्याचं प्रमाण साधारण १ : १०० : ५०० असं मांडलं. निळा फार भयंकर आहे हे खरंच आहे. ऑस्ट्रेलियातल्या विटेनूमची निळ्याची खाण १९६६ मध्ये बंद झाली, तिथले कामगार आणि त्यांची तिथे वाढलेली मुलं पुढे कित्येक दशकं या आजाराने जात राहिली.

पण "निळ्यापेक्षा कमी" म्हणजे निर्धोक नव्हे. पांढऱ्यात पुष्कळदा ट्रेमोलाइटची, म्हणजे सरळ तंतूच्या गटातल्याच आणखी एका ॲस्बेस्टॉसची, भेसळ निसर्गतःच असते. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या बाबतीत दोन गटांतलं अंतर इतकं मोठं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत धरते. पांढराही त्यात आला.

दगडगोटे_नाशिक

मी खनिजांचा संग्राहक आहे. नाशिक, पुणे, जळगाव, संभाजीनगर या पट्ट्यातल्या खदानींतून निघणारे झिओलाइट (ज्वालामुखी खडकांत सापडणाऱ्या खनिजांचा एक गट) जगभर जातात. एका परदेशी संग्राहकाने सांगितलं की तुर्कस्तानात झिओलाइटमुळेच मेसोथेलिओमा होतो. तेव्हापासून कपाट उघडताना मन खातंय. माझ्याकडे स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, ॲपोफिलाइट, स्कोलेसाइट आहेत. बायको म्हणते सगळं बाहेर काढा.

श्वासविकार

वहिनींना सांगा, तूर्त काढू नका. तुर्कस्तानातली गोष्ट खरी आहे, पण ती एरिओनाइट या एका विशिष्ट झिओलाइटची. काप्पादोकियात ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड आहे, लोक त्यातच घरं कोरत, त्याचेच चिरे बांधकामाला वापरत. १९७० च्या दशकात डॉ. इझेत्तिन बारिश यांच्या लक्षात आलं की कराईन नावाच्या खेड्यात माणसं मोठ्या संख्येने मेसोथेलिओमाने जाताहेत, आणि तिथे ॲस्बेस्टॉसचा कारखानाही नाही, खाणही नाही. पुढे तुझकॉय, सारिहिदिर ही गावंही सापडली. काही काळात या गावांतले निम्म्याच्या आसपास मृत्यू याच आजाराने होत होते. कराईन सोडून स्वीडनला गेलेल्यांनाही तो गाठत राहिला. एरिओनाइटही पहिल्या गटात आहे.

तुम्ही नावं घेतलीत त्यांतलं एकही एरिओनाइट नाही. मॉर्डेनाइट नावाचा आणखी एक झिओलाइट तंतुमय असतो, पण त्याच्याबद्दल माणसात कॅन्सर होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. पाटी नसलेला, कापसासारखा किंवा लोकरीसारखा तंतुमय नमुना असेल तर तो तपासून घेईपर्यंत बंद डबीत ठेवा. आणि कुठलाही नमुना घरात कोरडा कापू-घासू नका.

कायदेकानू

शेवंतीताई, कामगार कायद्याचं काम करतो, त्या बाजूने लिहितो.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ॲस्बेस्टॉस कामगारांसाठी निर्देश दिले. प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर ठेवायची. कामगाराचा जीव, आरोग्य हा मूलभूत हक्क असल्याचं त्या निकालात म्हटलंय. माझ्या दृष्टीने तो फार मोठा निकाल आहे. पण तो ॲस्बेस्टॉसच्या खाणी आणि उद्योगांपुरता. गिरणीच्या बॉयलरखात्यातला हेल्पर कोणाच्या यादीतच नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता लागू होईपर्यंत जो कर्मचारी नुकसानभरपाई कायदा होता, त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा व्यवसायजन्य आजारांत धरलेले होते. तुमच्या बाबतीत अडचण मालकाची आहे. गिरणी बंद, जमीन विकलेली, रेकॉर्ड कुठे कोणास ठाऊक. खोटी आशा दाखवत नाही.

तरीही बाबांचा जुना पास, पगाराची चिठ्ठी, प्रॉव्हिडंट फंडाचा उतारा, ईएसआयचं कार्ड यांतलं जे सापडेल ते जपून ठेवा. त्यांच्याबरोबरचे फिटर खात्यातले कोणी हयात असतील तर त्यांचं लेखी निवेदन घ्या. त्या लोकांना हे कळणं त्यांच्या स्वतःच्या तब्येतीसाठीही गरजेचं आहे.

लालबागचा_जुना

गिरणीचं नाव मला व्यनि (खासगी निरोप) करा. आमच्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर फिटर खात्यातले लोक शोधतो. काही जण गावी गेलेत, सातारा, संगमेश्वर, मालवण. सापडतील.

शेवंती_डोंबिवली

खूप आधार वाटला. व्यनि केलाय. बाबांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी फिटर खात्यातल्या सोबत्यांची नावं आठवून आठवून लिहून दिलीत, त्यांतले दोघे छातीच्या आजाराने गेल्याचं त्यांना ठाऊक होतं, पण तेव्हा सगळ्यांनी टीबीच म्हटलं होतं.

नवऱ्याचा प्रश्न राहिला. आनुवंशिकतेचं काय?

श्वासविकार

हो, ते राहिलंच. वर बॅप-१ जनुकाचा उल्लेख केला. २०११ मध्ये अमेरिकेतल्या दोन कुटुंबांत दिसलं की या जनुकातला दोष जन्मतःच असेल तर मेसोथेलिओमा एकाच घरात अनेकांना होतो, आणि तिथे ॲस्बेस्टॉसचा मोठा संपर्कही नव्हता. अशा घरांत डोळ्यातला मेलानोमा (रंगद्रव्याच्या पेशींचा कॅन्सर), त्वचेचा मेलानोमा, मूत्रपिंडाचा कॅन्सर हेही दिसतात. पण हे थोड्या कुटुंबांपुरतं आहे. बाबांना सत्तरी ओलांडल्यावर आजार झालाय, संपर्काचा इतिहास भक्कम आहे. घरात इतर कोणाला हे कॅन्सर झालेले नसतील तर तुमच्या यजमानांनी जनुकाची चिंता बाजूला ठेवावी. त्यांचा जन्म संपाआधीचा असेल आणि ते त्याच खोलीत वाढले असतील, तर आईंबद्दल जे लिहिलं तेच त्यांनाही लागू.

आणखी एक कारण पूर्णतेसाठी. तरुणपणी लिम्फोमासारख्या (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आजारासाठी छातीवर रेडिएशन घेतलेल्यांत पुढे हा कॅन्सर थोड्या जास्त प्रमाणात दिसतो. बाबांना ते लागू नाही.

श्रीवर्धन_किनारा

उशिरा लिहितोय. निसर्ग वादळात, जून २०२० मध्ये, आमच्याकडे घरोघरचे ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे उडाले, फुटले. ते तुकडे लोकांनी हाताने गोळा केले, बरेचसे वाटेतल्या खड्ड्यांत भरले, वरून गाड्या जाऊन त्यांची पूड झाली. आता आमच्या वाडीतल्या अंगणवाडीच्या पडवीवरचे जुने पत्रे पावसाआधी बदलायचे आहेत. ग्रामपंचायतीने काम दिलंय, पोरं ग्राइंडर घेऊन तयार आहेत. वर वाचलं की लहान मुलांना धोका जास्त. काय करावं? आणि गावातला नळाचा पाइपही एसीचा, म्हणजे ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा आहे.

पत्राछप्पर_पिंपरी

भाऊ, मी शेडची कामं घेतो, या विषयात हात काळे झालेत म्हणून लिहितो. ग्राइंडर आधी बाजूला ठेवायला लावा. धड असलेला, न फुटलेला पत्रा डोक्यावर असला तर फारसं काही सोडत नाही, तंतू सिमेंटमध्ये घट्ट असतात. पत्र्यात तंतू साधारण ८ ते १० टक्केच असतो. पण कापला, भोक पाडलं, फोडला, ब्रशने शेवाळ घासलं की धूळ सुटते.

अंगणवाडीला सुट्टी असताना काम करा. आतलं सामान, पाण्याचे हंडे, चटया आधी बाहेर काढा. पत्रे पंपाने भिजवा, काम होईपर्यंत ओलेच ठेवा. जे-हुकचे नट गंजलेले असतात, पत्रा तोडण्यापेक्षा हुक कापा, तोही हाताच्या करवतीने. पत्रा अख्खा उतरवा, वरून खाली टाकू नका. पत्र्यावर थेट पाय देऊ नका, जुना पत्रा मोडून माणूस खाली येतो, आमच्या धंद्यात मरणं त्यानेच जास्त होतात. शिडी-फळी टाकून चाला. उतरवलेले पत्रे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टी मारा. जमिनीवरचा चुरा झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने उचला, फडकंही त्याच प्लास्टिकमध्ये टाका. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत. नवीन म्हणून रंगीत कोटिंगचा लोखंडी पत्रा घाला, खाली उष्णता अडवणारी शीट टाका, नाहीतर उन्हाळ्यात पोरं भाजतील.

श्वासविकार

पत्राछप्पर यांनी लिहिलंय ते सगळं करा. फक्त मास्कचं जोडतो. रुमाल किंवा सर्जिकल मास्क या तंतूंपुढे निरुपयोगी आहे. पी-१०० फिल्टरचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो, औद्योगिक सुरक्षेच्या दुकानात मिळतो. दाढी असेल तर तो नीट बसत नाही.

पाइपाबद्दल: पिण्याच्या पाण्यातून पोटात गेलेल्या ॲस्बेस्टॉसने कॅन्सर होतो असा सातत्याने पुरावा मिळालेला नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. पाणी प्यायला हरकत नाही. पाइप फुटला आणि दुरुस्तीला कापायची वेळ आली तर मात्र कोरडा कापू देऊ नका. रस्त्यात भरलेल्या तुकड्यांवर मातीचा जाड थर टाकून ते दाबून घ्या, उकरून काढायला जाऊ नका.

श्रीवर्धन_किनारा

ग्रामसेवकांशी बोललो. काम मे महिन्याच्या सुट्टीत घेताहेत. उतरवलेले पत्रे कुठे न्यायचे ते मात्र त्यांनाही माहीत नाही. इथे कोणाला रायगड जिल्ह्यातली सोय ठाऊक आहे का?

कायदेकानू

ॲस्बेस्टॉसचा कचरा घातक कचऱ्यात मोडतो, तो साध्या डंपिंगवर टाकता येत नाही. तळोज्याला घातक कचऱ्याची सामायिक सोय आहे. ग्रामपंचायतीने लेटरहेडवर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या रायगडच्या कार्यालयाला पत्र द्यावं, पत्र्यांची संख्या आणि अंदाजे वजन लिहावं. पत्राचा मसुदा मी करून देतो, ग्रामपंचायतीचं नाव-पत्ता व्यनि करा.